कोकणात राहून भयकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा लिहिताना : नवलेखकांसाठी साधने, संस्था आणि सोबत

भयकथा, गूढकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘छापणार कोण?’ हा असतो. माझ्या मते तो प्रश्न बऱ्याच पायऱ्या पुढचा आहे. त्याआधी ‘हे वाचून मला खरे सांगणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते, कारण या कथाप्रकारांत लेखक वाचकाला आरंभीच एक शब्द देतो आणि शेवटपर्यंत तो पाळावा लागतो. रहस्यकथेतला खुनी वाचकाला आधी भेटलेला असावा लागतो, विज्ञानकथेतली कल्पना विज्ञानाच्या एखाद्या नियमावर उभी असावी लागते आणि भयकथेतल्या अमानवी शक्तीलाही स्वतःची मर्यादा असावी लागते. हा शब्द मोडल्याचे ज्याला चटकन कळते, तो त्या प्रकाराचा जाणकार वाचक. पुण्या-मुंबईपासून दूर, सावंतवाडी, राजापूर, गुहागर किंवा श्रीवर्धनला राहणाऱ्या लेखकाने असे वाचक, संदर्भसाधने आणि संस्था कोणत्या क्रमाने गाठाव्यात, याची मांडणी पुढे केली आहे.

पहिली पायरी : ग्रंथालयाचे सभासदत्व

कोकणाची या बाबतीतली श्रीमंती बाहेरच्यांना फारशी ठाऊक नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे असून राज्यातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली सुरू झाले आणि २००५ व २०२१ च्या महापुरांचा फटका सोसूनही ते उभे आहे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय, मालवणचे नगर वाचन मंदिर यांचीही परंपरा जुनी आहे. याशिवाय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची अनुदानित वाचनालये तालुक्या-तालुक्यात आणि अनेक मोठ्या गावांतही आहेत. त्यांची अनामत आणि मासिक वर्गणी सामान्य माणसाच्या आवाक्यातली असते.

सभासद झाल्यावर काय वाचावे, हे ठरवून वाचावे. तुमच्या प्रकारातील गेल्या पन्नास-साठ वर्षांतील मराठी कथा तर वाचाव्याच. त्याबरोबर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे मागून घ्यावेत. बहुतेक वाचनालयांत ते मागच्या खोलीत बांधून ठेवलेले असतात आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. एकाच अंकाची ओळीने दहा-बारा वर्षे चाळली, की संपादकाला कोणत्या लांबीची, कोणत्या वळणाची कथा चालते आणि कोणत्या कल्पना वापरून वापरून झिजल्या आहेत, हे आपोआप ध्यानात येते. ग्रंथपालाशी ओळख वाढवणे हाही या पायरीचाच भाग समजावा. आपल्या वाचनालयातील कोणते सभासद सातत्याने रहस्यकथा नेतात, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते, आणि पुढे वाचकगट जमवताना हीच माहिती उपयोगी पडते.

दुसरी पायरी : कथेचा कच्चा माल पारखून घेणे

या पायरीवर मी सर्वाधिक थांबणार आहे, कारण कोकणातील लेखकाचे बळ येथे आहे आणि हलगर्जीपणाही येथेच सर्वाधिक होतो.

आधी समुद्र घ्या. किनाऱ्यावर मृतदेह सापडतो आणि तेथून रहस्यकथा सुरू होते, ही मांडणी नव्या लेखकांना फार आवडते. परंतु तो मृतदेह कोणत्या वेळी, कोणत्या भरतीने, कोठे लागेल, याचा हिशेब कथेत चुकला तर कोळीवाड्यातला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटतो. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान पूर्ण भरती येते. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. नेमक्या वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवरून पळणारी नायिका या हिशेबात बसत नाही, कारण त्या वेळी पुळणीवर पाणी भरलेले असते. तसेच १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागू होते, त्यामुळे आषाढातल्या रात्री खोल समुद्रात गेलेला ट्रॉलर दाखवायचा असेल तर तो बेकायदेशीरपणे का गेला, याचे कारण कथेत द्यावे लागते. ते कारणच कधीकधी कथेचा गाभा ठरते.

दुसरे, पोलीस आणि कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे जुने ३०२ कलम आता १०३ झाले आहे आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. म्हणजे कथा २०१९ साली घडत असेल तर जुनी कलमे आणि २०२५ साली घडत असेल तर नवी, इतके तरी सांभाळलेच पाहिजे. मृत्यूचे कारण स्पष्ट नसेल तेव्हा पोलीस आधी ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात, पंचनामा होतो आणि शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे खुनाचा गुन्हा दाखल होतो. बुडून मेलेल्या माणसाच्या अस्थिमज्जेत पाण्यातील सूक्ष्म शैवाल, म्हणजे डायटम, सापडतात का, हे न्यायवैद्यक तज्ज्ञ तपासतात; खाडीच्या पाण्यातील आणि विहिरीच्या पाण्यातील डायटम वेगळे असू शकतात, या एका बाबीवर एक सकस रहस्यकथा उभी राहू शकते. या नव्या कायद्यांचे मूळ पाठ सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत. शंका उरली तर तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या परिचिताला विचारावे. कथेसाठी विचारतो आहोत असे आधीच सांगितले, तर बहुतेक वकील आवडीने वेळ देतात.

तिसरे, विज्ञान आणि इतिहास. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांतील जांभ्या कातळाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीच्या सड्यावरचे हत्तीचे शिल्प सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात अनेक प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठणे येथील शिल्पाजवळ होकायंत्राची सुई दिशा चुकते. विज्ञानकथेला किंवा अद्भुतकथेला यापेक्षा समृद्ध जागा शोधूनही सापडणार नाही. मात्र जागा जितकी विलक्षण, तितकी सांगीव माहिती पारखून घेण्याची जबाबदारी मोठी. विजयदुर्गाचे उदाहरण पाहा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून केले आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा पाहिली. कथेत एखादे पात्र लोकप्रचलित गोष्ट सांगू शकते, पण निवेदकाने ती सत्य म्हणून मांडली की विज्ञानकथेचा पाया डळमळतो. अशा पडताळणीसाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य खुला आहे, आणि जुन्या काळातील कथेसाठी रत्नागिरी व सावंतवाडीचे १८८० सालचे गॅझेटियर फार कामाचे आहे; त्यात त्या काळची बंदरे, घाटवाटा, पिके, बाजारभाव, जाती-जमाती यांची बारीक माहिती मिळते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्तीही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते आणि एकोणिसाव्या शतकातील पात्राच्या तोंडी कोणता शब्द शोभेल, हे त्यावरून ठरवता येते.

चौथे, लोकसमजुती. भयकथा लिहिणाऱ्या तरुणांना मी कळकळीने सांगेन, की गावच्या समजुती सरमिसळ करून वापरू नका. राखणदार हा भूत नसतो. तो सीमेचा रक्षक आहे, त्याला गाऱ्हाणे घालतात, आणि त्याला कारण नसताना रक्तपिपासू दाखवणे दक्षिण कोकणातल्या वाचकाला खटकतेच. मुंजा पिंपळाशी जोडलेला, गिऱ्हा पाण्याशी जोडलेला, चकवा वाट चुकवणारा; प्रत्येकाची जागा, वेळ आणि मर्यादा लोकांच्या मनात ठरलेली आहे. या मर्यादा हीच भयकथेची खरी सामग्री होय, कारण सुटकेची वाट कोठे आहे हे माहीत असूनही पात्राला तेथवर पोहोचता येत नाही, तेव्हा वाचकाचा श्वास अडकतो. ही माहिती गावातील वयस्क बायका-पुरुषांकडून, गुरवांकडून, मच्छीमारांकडून समक्ष ऐकावी, सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि गावाचे, देवस्थानाचे, कुटुंबाचे नाव बदलावे. दशावताराचा एखादा रात्रीचा नाट्यप्रयोग लेखकाच्या नजरेने पाहावा, असेही सुचवतो. हातात लिखित संहिता नसताना, केवळ कथानकाच्या आराखड्यावर नट संवाद रचत जातात आणि जत्रेतला जमाव पहाटेपर्यंत धरून ठेवतात. ताण कधी वाढवायचा आणि कधी सैल सोडायचा, याचे इतके चांगले शिक्षण दुसरीकडे मिळणे कठीण.

येथेच एक गंभीर सूचना. कल्पित कथेवर ‘सत्य घटना’ असा शिक्का मारू नये. एखाद्या खऱ्या वाडीतील खऱ्या बाईकडे करणीचा संशय वळेल असे लिहिणे हा लेखनदोष तर आहेच, पण त्याने त्या बाईचे जगणे अवघड होऊ शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. तो कथा लिहिण्याला आडकाठी करत नाही, परंतु तो का करावा लागला, हे भयकथाकाराने समजून घेतलेले असावे.

तिसरी पायरी : जाणकार वाचकांचा लहान गट

लेखनगट मोठा असू नये. तीन ते पाच माणसे पुरेशी होतात, पण ती त्या प्रकाराची वाचक असावीत. कथा-कविता-ललित असा सगळा मेळ असलेल्या मंडळात तुमच्या रहस्यकथेचे ‘वातावरणनिर्मिती छान आहे’ असे कौतुक होईल आणि तिसऱ्या प्रकरणात दार आतून बंद असताना खुनी बाहेर कसा पडला, हे कोणीही विचारणार नाही.

गट कोठून जमवावा? वाचनालयातील सभासद, महाविद्यालयातील मराठी आणि विज्ञान या दोन्ही विभागांचे विद्यार्थी, शाळेतील विज्ञानशिक्षक, निवृत्त पोलीस, परिचारिका, बंदर खात्यात काम केलेली माणसे ही चांगली सुरुवात आहे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा मुंबई-ठाण्यातील वाचनाची आवड असलेली भावंडे-मित्र भेटतात. त्यांना गटात घेऊन उरलेले वर्षभर बैठक व्हिडिओ कॉलवर चालवता येते. महिन्यातून एकदा बैठक, कथा आठवडाभर आधी सर्वांना पाठवलेली, आणि बैठकीत लेखकाने शेवटपर्यंत गप्प बसायचे, एवढे नियम मला पुरेसे वाटतात. लेखक मधेच खुलासे देऊ लागला की चर्चा कथेवरून त्याच्या हेतूंकडे वळते, आणि छापील कथेबरोबर खुलासा करायला लेखक जात नसतो.

प्रत्येक वाचकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत : वाचताना लक्ष कोठे ढळले, शेवट कोणत्या पानावर ओळखला, आणि कोणती गोष्ट पटली नाही. रहस्यकथेसाठी दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. पाचपैकी चारांनी खुनी अर्ध्यावर ओळखला असेल तर सुगावे फार उघडे आहेत. शेवट वाचूनही कोणालाच मागचे सुगावे आठवत नसतील तर ते फार झाकलेले आहेत. भयकथेसाठी आणखी एक पद्धत उपयोगी पडते. कथा मोठ्याने वाचून दाखवावी आणि ऐकणारे कोठे हलतात, कोठे पाण्याच्या तांब्याकडे हात नेतात, कोठे स्तब्ध होतात, याच्या खुणा समासात कराव्यात.

चौथी पायरी : संस्था

कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे कोमसाप, ही आपल्या किनाऱ्याची हक्काची संस्था आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली ती स्थापन झाली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत तिचे काम चालते आणि गणपतीपुळ्याजवळील मालगुंडचे केशवसुत स्मारक तिच्या कार्याचे केंद्र आहे. परिषदेच्या शाखांमध्ये कविता आणि ललित लेखनाचा भर जास्त दिसतो हे खरे असले, तरी त्यामुळे मागे राहण्याचे कारण नाही. शाखेच्या पदाधिकाऱ्यांना भेटून एखादे रहस्यकथा किंवा विज्ञानकथा वाचनाचे सत्र सुचवावे. कार्यक्रमाची आखणी स्वतः करून नेली, तर सहसा नकार मिळत नाही.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी मराठी विज्ञान परिषद अपरिहार्य आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय मुंबईत चुनाभट्टी येथील विज्ञान भवनात आहे, तिचे मासिक निघते, आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने मराठी विज्ञानकथेला घडवले आहे. १९७४ साली जयंत नारळीकर यांनी या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेऊन, ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञालाही आपली कथा नावाशिवाय तपासून घ्यावीशी वाटली, यातच स्पर्धेचे खरे मोल आहे. निकाल काहीही लागो, परीक्षकांसमोर तुमची कथा इतरांच्या कथांच्या रांगेत, तुमच्या ओळखीपाळखीशिवाय उभी राहते.

इंग्रजी वाचता येत असेल तर परदेशी संस्थांचेही साहाय्य घ्यावे. अमेरिकेत १९६५ साली सुरू झालेल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेच्या, म्हणजे एसएफडब्ल्यूएच्या, संकेतस्थळावर नमुना करार आणि लेखनतंत्रावरील लेख कोणालाही वाचता येतात. तिच्याशी जोडलेला ‘रायटर बिवेअर’ हा उपक्रम लेखकांना फसवणाऱ्या प्रकाशकांच्या पद्धती उलगडून दाखवतो. त्यातील नावे आपल्या उपयोगाची नाहीत, पद्धती मात्र आपल्याकडेही अगदी त्याच आहेत.

पाचवी पायरी : टंकलेखन आणि संहिता

हे थोडक्यात सांगतो. संहिता युनिकोडमध्येच टंकित करावी. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेले लेखन दुसऱ्या संगणकावर अनेकदा अगम्य खुणांचा ढीग होऊन उघडते. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस लागतात, पण पुढे हात वेगाने चालतो. मोबाइलवर बोलून टंकण्याची सोय पहिल्या खर्ड्यासाठी चांगली आहे. मात्र मालवणी किंवा आगरी संवाद ती हमखास बिघडवते, म्हणून ते हाताने टंकावेत. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक दिवसाच्या कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवावी. संपादकाला वर्ड आणि पीडीएफ अशा दोन्ही प्रती पाठवाव्यात, म्हणजे जोडाक्षरे फुटली तरी मूळ कसे होते ते त्याला दिसते.

सहावी पायरी : दिवाळी अंक

मराठी कथेची सर्वांत मोठी बाजारपेठ आजही दिवाळी अंक आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. आपल्या कथाप्रकारांना ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या अंकांनी विशेष जागा दिली आहे. गूढ, भय, रहस्य, विज्ञान यांची आवड असणारा वाचक हे अंक हेरून घेतो. नव्या लेखकाने निदान या दोहोंचे अलीकडचे अंक विकत घेऊन बारकाईने वाचावेत आणि मगच कथा पाठवावी.

वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. अंक ऑक्टोबरच्या सुमारास बाजारात येतात, म्हणजे संपादकांची निवड पावसाळ्यातच होत असते. कथा मे-जूनपर्यंत हातावेगळी झाली पाहिजे. ऑगस्टमध्ये पाठवलेली चांगली कथाही जागेअभावी परत येऊ शकते. एकच कथा एकाच वेळी अनेक अंकांना पाठवणे हा आपल्याकडे विश्वासघात मानला जातो, आणि तो योग्यच मानला जातो. पाठवताना सोबतचे पत्र चार-पाच ओळींचे असावे : कथेचे नाव, प्रकार, शब्दसंख्या, ती पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नाही असे निवेदन, आणि तुमचा संपर्क. पत्रातच शेवट सांगून टाकू नये. दोन महिने उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे विचारावे. तरीही उत्तर नसेल तर कथा मागे घेत असल्याचे लेखी कळवून दुसरीकडे पाठवावी. मानधनाबद्दल विचारण्यात संकोच करू नये. स्थानिक अंक मानधन देऊ शकत नसेल तर किमान अंकाच्या प्रती आणि पुनर्मुद्रणाचा हक्क तुमच्याकडे राहील, एवढे मान्य करून घ्यावे.

सातवी पायरी : ऑनलाइन वाचक आणि ध्वनिकथा

१९९६ पासून चालू असलेले ‘मायबोली’ आणि २००७ पासूनचे ‘मिसळपाव’ या संकेतस्थळांवर भयकथा-रहस्यकथांचे चोखंदळ वाचक आहेत. तेथे प्रतिसाद परखड येतात, आणि नव्या लेखकाला त्याचीच गरज असते. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’ या संकेतस्थळावर क्रमशः कथा लिहिण्याची रीत रुळली आहे. प्रत्येक भागाचा शेवट उत्कंठेवर करण्याचा सराव तेथे चांगला होतो. त्याची दुसरी बाजू अशी, की वाचक ‘पुढचा भाग लवकर’ म्हणत राहतात, लेखक पुढे लिहीत राहतो आणि कथानकाला शेवटच उरत नाही. म्हणून संपूर्ण कथा आधी लिहून, मगच तिचे भाग पाडून टाकावेत. दिवाळी अंकाला द्यायची कथा यांपैकी कोठेही आधी टाकू नये, कारण ती प्रसिद्ध झालेली कथा ठरते.

ध्वनिपुस्तके ऐकवणाऱ्या ‘स्टोरीटेल’ने २०१७ साली भारतात पदार्पण केल्यानंतर मराठी ध्वनिकथेला नवे दार उघडले आणि त्यात थरारकथांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. ऐकण्यासाठी लिहायचे तर वाक्ये आटोपशीर, पात्रांची नावे एकमेकांपासून वेगळी वाटणारी आणि संवाद कोणाचा हे लगेच कळणारे असावे लागतात. श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही.

एक धोका सांगायलाच हवा. इंटरनेटवर टाकलेली भयकथा लेखकाला न विचारता वाचून तिचे व्हिडिओ करणाऱ्या वाहिन्या अनेक आहेत. तुमची कथा अशी उचललेली आढळली तर पडद्याचे छायाचित्र आणि दुवा जपून ठेवावा, तुमची कथा आधी प्रसिद्ध झाल्याची तारीख दाखवावी आणि त्या व्हिडिओ संकेतस्थळाच्या स्वामित्वहक्क तक्रारीच्या अर्जातून तो काढून टाकण्याची मागणी करावी. ‘जाऊ दे, निदान नाव तरी झाले’ असे म्हणून गप्प बसू नये. बहुतेक वेळा नावही दिलेले नसते.

आठवी पायरी : हक्क, करार आणि पहिले पुस्तक

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कथा लिहिली गेली त्या क्षणीच तिचा हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. तरीही हवी असल्यास साहित्यकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवसांची मुदत असते. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. जुन्या रहस्यकथेतील नायक घेऊन नवी कथा लिहू पाहणाऱ्यांनी मूळ लेखकाचे मृत्युवर्ष आधी तपासावे.

कराराच्या बाबतीत या कायद्याचे कलम १९ प्रत्येक नवलेखकाने स्वतः वाचावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय वैध ठरत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हस्तांतरण समजले जाते, आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, तो परत तुमच्याकडे येतो. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनी, अनुवाद आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. भयकथा आणि थरारकथांकडे मालिका व वेब मालिका करणाऱ्यांचे लक्ष असते, म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ या तीन शब्दांखाली सही करू नये.

जो प्रकाशक हस्तलिखित न वाचताच होकार देतो आणि लगेच रक्कम सांगतो, तो छपाईची सेवा विकत आहे. ती सेवा घेण्यात गैर काही नाही, पण ते प्रकाशन नव्हे, हे समजून घ्यावे. स्वतः पुस्तक काढायचे असल्यास आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. ‘किंडल’वर मराठी ई-पुस्तकही लेखकाला स्वतः प्रसिद्ध करता येते.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशांचे हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासून, पसंत पडल्यास त्याच्या प्रकाशनासाठी मंडळ अनुदान देते, आणि अर्ज मागवणारी सूचना मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. रहस्यकथा किंवा भयकथा आहे म्हणून कथासंग्रह पाठवण्यास कचरू नये. अर्जात प्रकार ‘कथा’ किंवा ‘कादंबरी’ असाच लिहायचा असतो. मंडळाचे नियम छापून घेऊन त्यातील प्रत्येक अटीपुढे खूण करत अर्ज भरावा. पुस्तक छापून झाल्यावर १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार प्रकाशकाने, आणि प्रकाशक तुम्ही स्वतः असाल तर तुम्ही, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. त्या स्पीड पोस्टने पाठवून पावत्या जपून ठेवाव्यात.